ताईने सही केली ती पुढच्यांसाठी

प्रति,
चाचणीची प्रायोजक कंपनी, प्रमुख संशोधक आणि चाचणीला परवानगी देणाऱ्या नीती समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

माझी थोरली बहीण तुमच्या कॅन्सरच्या नव्या औषधाच्या चाचणीत होती. तुमच्या कागदांवर ती एक क्रमांक होती. तो मला अजून पाठ आहे, कारण दर वेळी सलाईन लावायच्या आधी नर्स तो मोठ्याने वाचायची आणि ताईच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची. तो क्रमांक मी इथे लिहीत नाही. तुम्हाला हवा असेल तर तुमच्याकडे आहेच.

गेल्या महिन्यात मी चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदणीत तुमची नोंद पुन्हा एकदा काढून पाहिली. तिथे लिहिलंय, ‘चाचणी मुदतीआधी बंद. कारण : व्यावसायिक निर्णय.’ खाली निकालाचा रकाना आहे, तो रिकामा. चाचणी बंद होऊन तीन वर्षं झाली. मी तुम्हाला चार पत्रं पाठवली. एकाची पोच आली, बाकीच्यांची तीही नाही. म्हणून आता हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ताई तुमच्या औषधाने गेली असं माझं म्हणणं नाही. ती फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेली. तो सापडला तेव्हाच यकृतापर्यंत पोचला होता. सिसप्लॅटिन या प्लॅटिनम धातूच्या केमोच्या औषधाच्या चार फेऱ्या झाल्या, काही महिने बरे गेले, मग गाठ पुन्हा वाढायला लागली. पुढचे उपायही करून झाले. तेव्हा तुमच्या चाचणीचं नाव पुढे आलं : प्लॅटिनमच्याच कुळातलं एक नवं संयुग, ज्याला अजून नावही नव्हतं, नुसती तीन अक्षरं आणि एक आकडा. नसांना आणि मूत्रपिंडाला कमी त्रास देणारं असेल, अशी आशा होती.

संमतीपत्र २६ पानांचं होतं. ताईने चष्मा लावून ते एका बैठकीत वाचलं, पेन्सिलीने जागोजागी खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना एकेक शंका विचारली. डॉक्टरांनी प्रामाणिक उत्तरं दिली, हे मी मुद्दाम नोंदवते. ते म्हणाले, “यातून तुमचं आयुष्य वाढेलच असं मी सांगू शकत नाही. पण हे औषध काय करतं ते आम्हाला कळेल, आणि तुमच्या मागून येणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.” ताईने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग ठीक आहे. सही कुठे करू?”

डॉक्टरांच्या त्या बोलण्याच्या पहिल्या अर्ध्या भागात तिच्यासाठी काहीच नव्हतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने सही केली ती दुसऱ्या अर्ध्यावर. काय कळलं ते आज तिच्या मागून आलेल्या रुग्णांना माहीत नाही, बाहेरच्या डॉक्टरांना माहीत नाही, मलाही माहीत नाही. ज्या एका शब्दावर सही झाली तोच पाळला गेला नाही. माझी सगळी तक्रार इथून सुरू होते.

ताई गेल्यावर मी या विषयावर वाचायला लागले. मी डॉक्टर नाही, पण रात्री झोप लागत नसेल तर माणूस बरंच वाचतो. सिसप्लॅटिन हा पदार्थ रसायनशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. त्याचा औषधी उपयोग आहे हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग आणि त्यांचे सहकारी विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून वीज सोडली, तर ई. कोलाय जिवाणू विभागायचे थांबले आणि दोऱ्यासारखे लांबच लांब वाढत गेले, नेहमीच्या लांबीच्या ३०० पटींपर्यंत. करामत विजेची नव्हती. पट्ट्यांतून विरघळलेल्या प्लॅटिनमच्या संयुगांची होती. पुढे हाच धातू पेशीच्या डीएनएला चिकटून त्याला बाक आणतो, पेशीला ती मोडतोड दुरुस्त करता येत नाही आणि ती मरते, हे उलगडलं. १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनला मान्यता मिळाली.

पण त्याआधी हे औषध जवळजवळ टाकून द्यायची वेळ आली होती. सुरुवातीच्या रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली होती. औषध वाचलं ते डॉक्टरांनी हा त्रास झाकला नाही म्हणून. किती रुग्णांना झाला, कुठल्या डोसला झाला हे त्यांनी मांडलं. त्यातून शिरेवाटे भरपूर पाणी द्यायची आणि लघवी वाढवायची पद्धत बसली. ताईच्या पहिल्या चार फेऱ्यांत आधी आणि नंतर बाटल्यांमागून बाटल्या चढायच्या, आणि प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजून लिहावी लागायची. ती वैतागायची. तेव्हा मला ठाऊक असतं तर मी तिला सांगितलं असतं की हे भांडं तुझ्या हातात आहे ते १९७० च्या दशकात कुणाच्या तरी बिघडलेल्या मूत्रपिंडाची नोंद झाली म्हणून. त्याच कुळातलं पुढचं औषध, कार्बोप्लॅटिन, आलं तेही सिसप्लॅटिनच्या त्रासाच्या नोंदी होत्या म्हणून.

आता तुमच्या बाबतीतल्या तक्रारी मांडते.

पहिली, चाचणी कशी बंद केलीत त्याबद्दल. सहा फेऱ्या झाल्या होत्या. सहाव्या फेरीनंतरच्या स्कॅनमध्ये गाठ ‘स्थिर’ होती. तुमच्या मोजपट्टीप्रमाणे गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली तर औषध लागू पडलं, २० टक्क्यांनी वाढली तर आजार बळावला. ताई या दोहोंच्या मध्ये होती. आम्ही त्यावर खूश होतो. आणि एका दुपारी फोन आला की चाचणी बंद झाली आहे, सातव्या फेरीला येऊ नका. ताईने विचारलं, औषध चुकीचं निघालं का? पलीकडून उत्तर आलं की आम्हाला कळवलेलं नाही. तिने विचारलं, मला चालू ठेवता येईल का? त्यालाही उत्तर नव्हतं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग म्हणाली, “मला वाटलं होतं, निदान कुणीतरी समोर बसवून सांगेल.” ती त्यानंतर सात महिने जगली. औषध चालू राहिलं असतं तर जास्त जगली असती, असा दावा मी करत नाही. मला ते माहीत नाही. तुम्हाला कदाचित माहीत असेल, आणि म्हणूनच हे पत्र आहे.

दुसरी आणि सगळ्यात मोठी तक्रार निकालाची.

माणसांवरच्या संशोधनासाठी जगभर मानला जाणारा हेलसिंकीचा जाहीरनामा १९६४ चा. तुमच्या संमतीपत्राच्या तिसऱ्याच पानावर त्याचं नाव आहे. त्यात म्हटलंय की निकाल चांगला असो, वाईट असो की धड कळण्याजोगा नसो, तो लोकांसमोर आलाच पाहिजे. चाचणीतून काय निष्पन्न झालं ते जाणून घ्यायचा पर्याय प्रत्येक सहभागी माणसाला द्यावा, असंही त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुदतच सांगितली : चाचणी पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत मुख्य निकाल नोंदणीत, आणि २४ महिन्यांच्या आत तो नियतकालिकात छापलेला. तुम्हाला ३६ महिने होऊन गेले.

तुम्ही म्हणाल, चाचणी अर्ध्यावर थांबली, रुग्ण थोडे, सांगण्यासारखं काही नाही. मग याच आजाराचं आणि अशाच एका धातूच्या औषधाचं उदाहरण घ्या. नामी-ए नावाचं रुथेनियम या धातूचं संयुग आहे. २००४ मध्ये त्याची माणसांवरची पहिली चाचणी छापून आली, अवघ्या २४ रुग्णांची. हातापायांवर दुखरे फोड येतात म्हणून डोस वाढवता येत नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पुढे फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ३२ रुग्णांना ते जेमसिटाबिन या केमोच्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिलं. २०१५ मध्ये तोही निकाल छापला : रुग्णांना जेमतेमच सोसतं, आणि एकट्या जेमसिटाबिनपेक्षा परिणाम कमी. ३२ रुग्ण आणि अपयश, तरीही छापलं. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या रुग्णाच्या शिरेत तेच औषध त्याच जोडीने तेवढ्याच अज्ञानात जाणार नाही. त्या ३२ जणांना मी ओळखत नाही, पण त्यांच्या घरच्यांना आज हे सगळं वाचता येतं. माझा हेवा तेवढ्यापुरता आहे.

दुसरं उदाहरण मोटेक्साफिन गॅडोलिनियम या धातूच्याच एका औषधाचं. फुफ्फुसाचा कॅन्सर मेंदूत पसरलेल्या ५५४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना नुसते किरणोपचार, निम्म्यांना त्यासोबत हे औषध. मेंदूचा त्रास बळावेपर्यंतचा काळ नुसत्या किरणोपचारांच्या गटात साधारण १० महिने निघाला, औषधाच्या गटात साधारण १५. ऐकायला मोठा वाटणारा हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, आणि अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली नाही. असल्या अटीतटीच्या निकालाबद्दल दोन जाणकारांची दोन मतं होऊ शकतात. पण मत व्हायला आधी आकडे समोर असावे लागतात. आम्हाला तुम्ही तेवढंही ठेवलं नाही.

आणि तिसरं, जे वाचून मी पान बंद करून बसले होते. १९९५ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या ५२ चाचण्यांतल्या ९,३८७ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. छापलेल्या चाचण्यांबरोबर न छापलेल्याही शोधून काढल्या होत्या, एकेका रुग्णाची नोंद मागवली होती. त्यातून दिसलं की आजार पुढे गेलेल्यांमध्ये सिसप्लॅटिन असलेल्या केमोने मृत्यूचा धोका २७ टक्क्यांनी कमी होतो, वर्षभर जगणारे दर शंभरांमागे सुमारे दहाने वाढतात. आणि असंही दिसलं की दुसऱ्या एका जुन्या प्रकारची केमो दीर्घकाळ दिलेल्या चाचण्यांत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचं नुकसानच झालं होतं. हे दोन्ही कळलं ते फाइली उघडल्या म्हणून. ताईच्या पहिल्या चार फेऱ्या, आणि त्यांनी दिलेले ते बरे महिने, त्या ९,३८७ लोकांच्या पुण्याईने आले. तिला वाटलं होतं की तीही त्या रांगेत जाऊन उभी राहते आहे.

तिसरी तक्रार वहीबद्दल. ताई शिक्षिका होती, प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची सवय. पहिल्या दिवसापासून तिने निळ्या कव्हरच्या वहीत तारीख, वेळ आणि काय वाटतंय ते लिहिलं. ‘तोंडात नाणं धरल्यासारखी चव.’ ‘पायाच्या बोटांना मुंग्या, झोपेतून जाग.’ ‘ब्लाउजचं तिसरं हूक लागत नाही, बाईला लावायला सांगितलं.’ मग एकदा, ‘आज आंघोळीनंतर कपडे घालायला अर्धा तास.’ आणि एका पानावर, ‘फोनवर मनूचं बोलणं ऐकू येत नाही, बाकीच्यांचं येतं.’ मनू आमची नात, तेव्हा चार वर्षांची. प्लॅटिनमच्या औषधांनी उंच पट्टीतले आवाज ऐकू येणं आधी जातं, आणि मग लहान मुलांचं बोलणं नीट कळेनासं होऊ शकतं. ताईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, पोरगी हल्ली हळू बोलते.

तिने वही तीन वेळा दाखवली. तिघांनीही सौजन्याने सांगितलं की आमचा वेगळा फॉर्म असतो. ताई गेल्यावर मी तिच्या फाइलची प्रत मागून घेतली, त्यात हा फॉर्म आहे. हातापायांच्या बधिरतेपुढे लिहिलंय ‘ग्रेड १’. तुम्हीच वापरता त्या प्रतवारीत ग्रेड १ म्हणजे रुग्णाला जाणवत नाही, फक्त तपासणीत सापडतं असा त्रास. स्वतःचे कपडे स्वतःला घालता न येणं हे त्याच प्रतवारीत ग्रेड ३ मध्ये येतं. आणि कानाची तपासणी? चाचणीच्या सुरुवातीला एकदा झाली. नंतर एकदाही नाही. औषध ‘नसांना कमी त्रास देणारं’ आहे असं उद्या कुठे छापून आलंच, तर त्या वाक्यात माझ्या बहिणीचा ग्रेड १ मोजलेला असेल. ही कल्पना मला सहन होत नाही.

मी कुणावर लबाडीचा आरोप करत नाही. त्या बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरांपुढे किती माणसं बसलेली असत ते मी पाहिलंय. चार मिनिटांत ‘कसं वाटतंय?’ विचारलं तर ताईसारखी बाई ‘बरं आहे’ असंच म्हणते. म्हणून तर वही होती.

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा प्रश्न आहे, पण संशोधकांनी तो मनावर घ्यावा. तुम्ही औषधाचं यश फक्त गाठीच्या मापावर ठरवणार होता. नामी-एच्या बाबतीत नेमका याच मुद्द्यावर वाद झाला : उंदरांमध्ये ते मूळ गाठ लहान करत नव्हतं, पसरलेल्या आजाराला आवर घालत होतं, आणि माणसांत ते तपासलं गेलं ते आजार आधीच सर्वदूर पसरलेल्या रुग्णांमध्ये, गाठी लहान होतात का ते बघून. धातूचं प्रत्येक संयुग दुसरं सिसप्लॅटिन असेल असं धरून चालू नये. ते काय करेल अशी अपेक्षा आहे, ते आधी ठरवून त्याचीच मोजणी करा. नाहीतर औषधही वाया जातं आणि माणसाचे मोजके महिनेही.

येण्याजाण्याचा खर्च, तासन्‌तास ताटकळणं, रक्ताच्या तपासण्यांच्या बदललेल्या तारखा, याबद्दल मी लिहीत नाही. ते ताईने सोसलं आणि विसरली.

नीती समितीच्या सदस्यांना मात्र वेगळं सांगायचंय. चाचणी सुरू व्हायच्या आधी तुम्ही संमतीपत्राचा शब्द न् शब्द तपासला असणार. संपताना तपासलंत का? ‘व्यावसायिक निर्णय’ हे कारण तुमच्यापुढे आलं तेव्हा औषध चालू असलेल्या रुग्णांचं काय करणार, असं कुणी विचारलं? निकाल कधी देणार, याची तारीख घेतली? रुग्णाच्या बाजूने त्या टेबलाशी बसणारं दुसरं कुणीच नसतं. ताईच्या संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर तक्रारीसाठी तुमचाच पत्ता होता. माझ्या चार पत्रांपैकी दोन तिथेच आली होती.

माझ्या मागण्या अशा.

चाचणीत जे काही निघालं ते, अपुरं असलं तरी, येत्या सहा महिन्यांत सार्वजनिक नोंदणीत टाका : किती जणांना औषध दिलं, कुठल्या डोसला काय झालं, किती जण चाचणी अर्ध्यावर सोडून गेले आणि का. संयुगाचा नुस्खा मला नको, ते तुमचं व्यापारी गुपित खुशाल राहू द्या. माणसांच्या शरीरात काय झालं हे गुपित असू शकत नाही.

प्रत्येक सहभागी रुग्णाला, आणि रुग्ण हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना, दोन पानांचं पत्र त्यांच्या भाषेत पाठवा. साधं लिहा. चाचणी का थांबवली ते खरं लिहा. पैसे संपले असतील तर पैसे संपले असं लिहा.

जे रुग्ण हयात आहेत त्यांचे कान आणि हातापायांच्या नसा तुमच्या खर्चाने पुन्हा तपासा. सिसप्लॅटिन घेतलेल्यांच्या रक्तात २० वर्षांनीही प्लॅटिनम सापडलेलं आहे. तुमची चाचणी बंद झाली म्हणून त्यांच्या शरीरातला धातू निघून गेलेला नाही.

यापुढच्या प्रत्येक चाचणीत रुग्णाने स्वतः लिहिलेली नोंद फाइलमध्ये लागली पाहिजे, आणि डॉक्टरांची प्रत तिच्याशी जुळत नसेल तर का जुळत नाही हे लिहिलं गेलं पाहिजे. प्लॅटिनमचं कुठलंही औषध असेल तर दर दोन फेऱ्यांनी कानाची तपासणी.

आणि नीती समितीने परवानगी देतानाच लिहून घ्यावं की चाचणी मध्येच थांबली तर रुग्णाला समोर बसवून सांगितलं जाईल, आणि ज्याला औषध सोसतंय व ज्याचा आजार वाढलेला नाही त्याच्यापुरतं ते चालू ठेवायचं की नाही, हे त्याच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवलं जाईल.

ताईची वही माझ्याकडे आहे, ६४ पानांची. शेवटची अकरा पानं जाड पेन्सिलीने मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेली आहेत, कारण पेन बोटांत ठरत नव्हतं. काही शब्द मलाही लागत नाहीत, त्यांच्याभोवती मी गोल काढून ठेवलेत. प्रत्येक पानाची प्रत काढून, तारखा तुमच्या फेऱ्यांशी जुळवून, पाकिटात घालून ठेवली आहे. कुणाच्या नावे पाठवू तेवढं कळवा.

आपली,
एका सहभागी रुग्णाची धाकटी बहीण